विश्रांती हाही ग्राउंडचाच भाग

पहाटे होम मैदानाकडे चक्कर टाकली की भरतीची तयारी करणारी पोरंपोरी हमखास दिसतात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण लांब धावण्याला. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. काही सेकंद उशीर झाला तरी गुण जातात. त्यामुळे एखादा दिवस कोणी आला नाही, की दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला: ‘काय बे, ग्राउंड सोडलं का?’

प्रश्न चेष्टेतला असतो, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. धावताना ताकद वाढत नाही, खर्च होते. स्नायूंची झीज भरून निघते, साठलेली ऊर्जा परत येते ती नंतर, खाण्यात आणि झोपेत. ही भरपाई झाली की नाही, हे आपलं हृदय सांगत असतं.

एक प्रयोग करा. मनगटावर नाडी धरा, सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. म्हणजे मिनिटाला 60 ठोके असले तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. दोन ठोक्यांमधल्या अंतरातला हा बदल म्हणजे ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’, स्मार्टवॉचवर दिसणारा एचआरव्ही. शरीर निवांत असलं की हा बदल सहसा जास्त असतो. कडक व्यायाम, जागरण, आजारपण, दारू, परीक्षेचं टेन्शन यांनी तो कमी होतो. आपल्या सोलापूरचा उन्हाळाही शरीरावर ताणच टाकतो, हे विसरू नका.

पण म्हणून मित्राच्या घड्याळातला आकडा बघून खट्टू होऊ नका. एचआरव्ही वयानुसार, माणसानुसार बदलतो. तुलना करायची ती स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी, आणि तीही एका दिवसाची नाही, आठवड्याची.

घड्याळ नाही? काही बिघडत नाही. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. दोन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळेल. तो दोन-तीन दिवस सात-आठ ठोक्यांनी वाढलेला दिसला, सोबत पाय जड आणि चिडचिड असेल, तर त्या दिवशी टायमिंग लावू नका. चाला, हलकं जॉगिंग करा, नाहीतर सरळ झोपा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र नाडी मोजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

खरी अडचण वेगळीच आहे. एकीकडे वयाची अट, दुसरीकडे घरच्यांच्या अपेक्षा; यात सुट्टी घेणं म्हणजे आळस वाटतो. म्हणून ही जबाबदारी एकट्या पोरांवर टाकून चालणार नाही. भरतीच्या अकॅडम्या आणि कॉलेजच्या क्रीडा विभागांनी वेळापत्रकातच विश्रांतीचा वार लिहावा. सरांनी सांगितलेली सुट्टी घेताना कोणाला लाज वाटत नाही.

आणि तोवर कोणी विचारलंच, ‘ग्राउंड सोडलं का?’, तर बिनधास्त सांगा, ‘नाही बे, आज रिकव्हरीचं ग्राउंड आहे!’