धावपट्टीच्या पोटात पाहा

मध्यरात्रीनंतर धावपट्टी दोन-तीन तासांसाठी बंद होते आणि तिच्यावर एक गाडी ट्रॉली ओढत येते. ट्रॉली खुणेवर थांबते, लोखंडी तबकडी डांबरावर टेकते आणि वरून वजन सुटते. ‘धप्प’ असा आवाज होतो. तबकडीपासून ठरावीक अंतरांवर ठेवलेले जिओफोन जमीन किती दबली ते मायक्रॉनमध्ये टिपतात. गाडी पुढच्या खुणेकडे सरकते. एचडब्ल्यूडी (हेवी वेट डिफ्लेक्टोमीटर) चाचणीचे हे काम आपल्यापैकी अनेकांनी डोळे चोळत केले आहे. या ‘धप्प’मधून निघणाऱ्या आकड्याशी आपण किती प्रामाणिक राहतो, हा या अंकाचा विषय आहे.

बंगळुरूपासून सुरुवात करू. देवनहळ्ळीचा विमानतळ २४ मे २००८ रोजी एका धावपट्टीवर सुरू झाला. दुसरी, दक्षिणेकडची धावपट्टी ६ डिसेंबर २०१९ रोजी वापरात आली. दोन्हींची लांबी ४,००० मीटर. रुंदी ४५ मीटर धरली, तरी एकेका पट्टीवर १८ हेक्टर फरसबंदी आपल्या हवाली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये येथे ए३८० उतरले, तेव्हा सर्वांच्या नजरा त्या अवाढव्य देहावर होत्या. फरसबंदीला मात्र देह दिसत नाही, चाक कळते. ५७५ टनांपर्यंतचे ए३८० मुख्य २० चाकांवर उभे राहते आणि ३५१ टनांचे ७७७-३००ईआर १२ चाकांवर. ढोबळ हिशेबाने दोन्हींत एका चाकावर सुमारे २७ टनच येतात. सबग्रेडपर्यंत, म्हणजे फरसबंदीखालच्या जमिनीपर्यंत काय पोहोचते, हे चाकांची मांडणी आणि फेऱ्यांची संख्या यांवर ठरते.

फरसबंदीची ताकद जाहीर करण्याच्या नव्या पद्धतीच्या मुळाशी हाच विचार आहे. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जगभर एसीएन-पीसीएनची जागा एसीआर-पीसीआरने घेतली. जुन्या पद्धतीत लवचिक फरसबंदीसाठी सबग्रेडची वर्गवारी सीबीआरवर होती. आता लवचिक आणि कठीण दोन्हींना एकच मोजपट्टी आहे: सबग्रेडचा इलॅस्टिक मॉड्युलस, २००, १२०, ८० आणि ५० मेगापास्कल. प्रमाणित टायरदाब १.२५ वरून १.५० मेगापास्कल झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांमुळे साचत जाणारी झीज आता हिशेबात धरावी लागते.

नवा आकडा जुन्याच्या साधारण दहापट दिसतो, आणि मोह तिथेच होतो. जुन्या पीसीएनला दहाने गुणले की काम उरकते. पण त्यामुळे केवळ जुन्या अंदाजाला नवे नाव मिळते. पीसीआरच्या संकेतातले शेवटचे अक्षर ‘टी’ असेल, तर त्याचा अर्थ तांत्रिक मूल्यमापन झाले आहे असा होतो. ते न करता ‘टी’ लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे. मूल्यमापन झाले नसेल, तर वापराच्या अनुभवावर आधारलेले ‘यू’ हे अक्षर उपलब्ध आहे. ते लिहिण्यात कमीपणा नाही.

मोजणी करतानाही तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, थरांची जाडी. दूरचे जिओफोन सबग्रेडबद्दल सांगतात आणि जवळच्या नोंदींत वरचे थरही मिसळलेले असतात. मॉड्युलसच्या वेगवेगळ्या जोड्यांतून एकच दबणुकीची वक्ररेषा निघू शकते. जाडी नकाशावरून उचलली, तर बॅक-कॅल्क्युलेशन सुबक पण चुकीचे उत्तर देते. म्हणून कोअर काढायलाच हवा. तो अखंड निघतो की दोन थरांच्या सांध्यावर सुटून दोन तुकड्यांत हाती येतो, हेही नोंदवावे. तो सुटलेला सांधा वरून दिसत नाही.

दुसरे, ऋतू. बंगळुरूची तांबडी माती उन्हात कडक होते आणि ओलीने मऊ पडते. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस असतो. मार्चमध्ये मोजलेली जमीन ऑक्टोबरची साक्ष देत नाही. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीवर काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरे, जागा. इंधनाने भरलेले विमान टोकाला उभे राहते, टॅक्सीवेवर संथ चालते. पट्टीच्या मध्यावर वेगात असताना पंखांनी भार उचलायला सुरुवात केलेली असते. विमान जितके सावकाश, तितका डांबरावर भार जास्त वेळ. त्यामुळे एकाच धावपट्टीत अनेक फरसबंद्या असतात. सरासरी काढली की त्यातला सर्वांत दुबळा तुकडा लपतो.

आणि पीसीआय (पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स)? तो निर्देशांक डोळ्यांना दिसणाऱ्या तड्यांचा आणि चाकोऱ्यांचा आहे. नवा डांबरी थर अंथरला की तो एका रात्रीत वर जातो. खालचा बेस कसा आहे, ते तो सांगत नाही.

लवकर मोजले, तर दुरुस्ती आपल्या सोयीने करता येते. २०१७ मध्ये बंगळुरूला एकच धावपट्टी होती. नव्या टॅक्सीवेंच्या कामासाठी फेब्रुवारी ते एप्रिल ती रोज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच बंद ठेवावी लागली. दुसरी पट्टी आल्यावर २०२० मध्ये पहिलीचे नूतनीकरण तिला सेवेतून बाहेर काढून करता आले. पुण्याला ही मुभा नव्हती. धावपट्टीच्या कामासाठी आधी वर्षभर रात्रीची उड्डाणे थांबली, तरी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ दरम्यान विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. ज्यांच्याकडे एकच पट्टी आहे, त्यांना वेळेवर केलेल्या मोजणीची गरज सर्वांत जास्त आहे.

वाचकहो, या महिन्यात एक काम करा. आपल्या धावपट्टीची शेवटच्या चाचणीची फाइल काढा. तीत प्रत्येक बिंदूची कच्ची नोंद आहे का, चाचणीच्या वेळचे डांबराचे तापमान आहे का, कोअरची जाडी आणि छायाचित्र आहे का, ते पाहा. केवळ अंतिम आकडा असेल, तर पाऊस ओसरताच चाचणी पुन्हा लावा. कॉकपिटमध्ये बसलेल्याला धावपट्टीचे पोट दिसत नाही. त्याच्या हाती असतो तो आपण लिहून दिलेला आकडा.