बासुंदी, चप्पल आणि एक डोंगर

परवा रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन. 'ताई, झोपलीस का? नाव फायनल! "वाडीची बासुंदी". लोगोपण तयार आहे. आता तू फक्त ट्रेडमार्क करून दे.'

मी एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये आहे. त्यामुळे खानदानातलं भाडेकरारापासून मृत्युपत्रापर्यंत सगळं माझ्याकडे येतं, अर्थात फुकटात! हा पठ्ठ्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मामा मात्र नृसिंहवाडीत, म्हणजे आपल्या नरसोबाच्या वाडीत. तिथे दत्ताचं दर्शन झालं की पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदी घेतल्याशिवाय कुणी परत फिरत नाही. मामांनी आयुष्यभर दूध आटवलं. पोराला त्याचा ब्रँड करायचाय. मस्तच की!

'दूध कुठलं घेणार?' मी सहज विचारलं.

'इथलंच गं. हिंजवडीजवळ किचन बघितलंय. वाडीहून रोज आणणं कुठं परवडतं?'

झालं, माझी झोप उडाली. आठवलं ते एकदम स्वित्झर्लंड. लोकसंख्येनं आपल्या मुंबईपेक्षाही लहान देश, पण नावाच्या बाबतीत भलताच कडक. १ जानेवारी २०१७ पासून तिथे 'स्विसनेस'चे नवे नियम लागू झाले. खाण्याच्या वस्तूवर स्विस म्हणून मिरवायचं असेल, तर कच्च्या मालाचं किमान ८० टक्के वजन स्विस हवं. आणि दूध-दुभत्याच्या पदार्थांत? दूध शंभर टक्के तिथलंच! विमानतळावर मिळणारं ते तिकोनी टॉब्लेरोन आठवतंय? त्याचं काही उत्पादन स्लोव्हाकियाला न्यायचं ठरलं आणि २०२३ मध्ये पाकिटावरच्या मॅटरहॉर्न डोंगराला निरोप द्यावा लागला. आता तिथे कुठलाही असू शकेल असा एक साधा डोंगर आहे.

लांब कशाला, आपल्या कोल्हापुरीचंच बघा. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाची मॉडेल्स अगदी आपल्यासारख्या चपला घालून चालली. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही! केवढा गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते आहे. पण गंमत अशी, की जीआय राखतो ते मुख्यतः नाव, चपलेचा आकार नाही. आणि प्राडानं नाव तर वापरलंच नव्हतं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याबद्दलची जनहित याचिका फेटाळली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, असा त्याचा मथितार्थ. ते होते महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांबरोबर प्राडानं करार केला. दोन हजार जोड इथे बनवायचे, जोडाची किंमत साधारण ८०० युरो. यातून कारागिराच्या हातात किती पडेल ते पुढे कळेलच. पण टेबलाच्या या बाजूला बसायला कुणीतरी होतं, कारण नाव आधीच कागदावर आलं होतं.

आता भावाची केस. ट्रेडमार्क एकाचा असतो, जीआय त्या भागातल्या सगळ्यांचा. नुसतं गावाचं आणि पदार्थाचं नाव ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. 'पण समजा मिळालंच,' मी त्याला म्हटलं, 'तर तुझी पहिली नोटीस कुणाला जाईल, सांग? मामांच्या शेजारच्या दुकानाला!'

पलीकडे शांतता...

शनिवारी दोघंही वाडीला गेलो. दर्शन झाल्यावर घाटावर बसून मामांना सगळं सांगितलं. समोर कृष्णा-पंचगंगेचा संगम, संध्याकाळची वेळ. मामांनी ऐकून घेतलं आणि लेकाला म्हणाले, 'वाडीचं नाव माझं न्हाई रे. ते महाराजांचं, आन् हितल्या समद्यांचं. तू तुझं नाव लाव की! चव असली तर चालंल.'

बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग मामा माझ्याकडे वळले. 'त्या स्विस लोकांनी सगळं लिहून ठेवलंय म्हणतीस. आपण काय लिवलंय?'

खरं सांगू, मला उत्तर नव्हतं. भारतात जीआयचा कायदा १९९९ चा. तो लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. अर्ज चेन्नईच्या रजिस्ट्रीत करायचा. त्यात लागतो भागाचा नकाशा, करण्याची रीत, जुने पुरावे आणि दर्जा कोण तपासणार ते. अर्ज करायचा तो एकट्यानं नाही, उत्पादकांच्या संघटनेनं. म्हणजे समोरासमोर दुकानं असलेल्यांनी आधी एका सतरंजीवर बसायचं! कायद्यापेक्षा हेच जास्त अवघड, नाही का?

रात्री जेवण झाल्यावर भावानं लॅपटॉप उघडला. लोगोची फाइल बंद करून नवी उघडली आणि मामांना विचारलं, 'बाबा, पहिल्यापासून सांगा. कढईत दूध किती घेता?'

'किती ते मागनं,' मामा म्हणाले. 'कुठलं घेतो, ते आधी लिव.'