त्या अर्जावर मी सही केली नाही

सोनागिरी म्हटलं की माहेरच्या बायका हात जोडतात. त्यांना दतियाजवळचं सिद्धक्षेत्र आठवतं. मी राहते ती सोनागिरी भोपाळातली, भेलच्या कारखान्याजवळची साधी वसाहत. गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळात एक अर्ज फिरला: प्राण्यांवरचे सगळे प्रयोग ताबडतोब बंद करा. 35 सह्या झाल्या. माझी नव्हती. शेजारीण म्हणाली, "भाभी, आप जैन होकर?" तिथे बोलणं सुचलं नाही. आता बोलते.

आपण सगळ्याच औषधं घेतो. माझी रक्तदाबाची गोळी माझ्या तोंडी येण्याआधी कुठल्यातरी उंदराच्या पोटात गेलेली आहे. अर्जावर सही करायची आणि घरी येऊन तीच गोळी गिळायची, याला मी अहिंसा म्हणत नाही. हात झटकणं म्हणते.

शास्त्रकारांनी गृहस्थापुढे हिंसेचे चार प्रकार ठेवले: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन संसारात पुरत्या टळत नाहीत; संकल्पी मात्र टाळायलाच हवी. प्रयोग तर जाणूनबुजून केलेला असतो, मग तो संकल्पीच ना, असं कुणी विचारेल. मला तो प्रश्न खोडता येत नाही. म्हणूनच म्हणते, 'विज्ञानासाठी' एवढं म्हणून कुणाची सुटका नाही. प्रत्येक जिवागणिक जाब द्यावा लागेल. हिंसेचं मूळ प्रमादात आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रमाद म्हणजे बेफिकिरी. ती कशी असते, हे भोपाळइतकं कुणाला ठाऊक?

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. या कंपनीने 1963 आणि 1970 मध्ये अमेरिकेतल्या मेलन इन्स्टिट्यूटकडून त्याच वायूचे प्रयोग प्राण्यांवर करून घेतले होते. श्वासावाटे तो किती घातक आहे, हे त्यांत दिसलं होतं. अहवाल कंपनीने स्वतःपाशी ठेवले. त्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसं तडफडत होती आणि डॉक्टरांना कळत नव्हतं की उपचार कशावर करायचा. पुढे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत आणि परदेशातही नव्याने उंदीर त्याच वायूत ठेवले गेले. आधीचे जीव गेले ते कुणाच्याच कामी आले नाहीत. प्राण्याला मारून मिळवलेलं ज्ञान कपाटात कोंडणं, यापेक्षा मोठी हिंसा मला दिसत नाही. अर्जात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात, "पर्यायच नाही हो." हेही तपासून घ्यावं. कुत्रा चावला की पोटात चौदा सुया, हे आमच्या पिढीला आठवतं. ती लस मेंढ्यांना रेबीज देऊन, त्यांच्या मेंदूपासून बनायची. काही रोग्यांना तिने पक्षाघातही व्हायचा. पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस 1970 च्या दशकातच आली होती. आपल्याकडे मेंदूची लस बंद व्हायला 2004-05 उजाडलं. एवढी वर्षं मेंढ्याही गेल्या आणि गरिबांनी सुयाही सोसल्या. पर्याय होता, पैसे आणि मन नव्हतं.

कायदा आपल्याकडे आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात लिहिलंय: दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर प्रयोग टाळा, भूल द्या, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका. 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरच्या, प्राण्याविना होणाऱ्या चाचण्यांनाही जागा मिळाली. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नीती समिती असावी लागते आणि तिच्यात एक खुर्ची शास्त्रज्ञ नसलेल्या, समाजाची जाण असलेल्या माणसासाठी असते. त्या खुर्चीवर बसून विचारता येतं: हा प्रयोग आधी कुणी केलाय का? चाळीस उंदीर कशाला, वीसात का भागत नाही? सुटीच्या दिवशी पिंजऱ्यात पाणी कोण घालतं? दुखणं थांबवायला काय देता? निकाल फसला तरी छापणार ना?

हे प्रश्न विचारायला डॉक्टरेट लागत नाही. पाणी गाळून पिणाऱ्या, भाजी निवडताना अळी अलगद बाजूला ठेवणाऱ्या बायकांना ते आपोआप सुचतात. मग आपण त्या खुर्चीकडे पाठ करून नुसत्या घोषणा का देतो? घोषणेला काही वाचावं लागत नाही, कुणाशी भांडावं लागत नाही, म्हणून?

मी दुसरा अर्ज लिहिलाय. प्रत्येक प्रयोगाचा निकाल, फसलेला असला तरी, खुला करा; पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नका; आणि समितीत बसायला आमच्या मंडळातल्या बायका तयार आहेत, त्यांना बोलवा. खाली पहिली सही माझी आहे. शेजारणीकडे कागद पाठवलाय. तिने अजून परत दिलेला नाही, पण फाडलेलाही नाही.