माती विकावी काय?

शेतांतील वरच्या थराची माती वीटभट्टीस अथवा घरांच्या जोत्यांतील भरावास विकण्याचा व्यवहार अलीकडे खेडोपाडीं सर्रास चालतो. फूटभर माती गेली तर बिघडलें कोठें, खालीं आहेच कीं, असें म्हणणारे गृहस्थ अडाणी असतात असें नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकांचीं मुलें वर्गांत खडकांच्या विदारणाचा धडा बिनचूक म्हणून दाखवितात. धड्याची आणि व्यवहाराची गांठ मात्र कोठें पडत नाहीं. ती पडावी एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

दख्खनच्या पठारावर नवी खोदलेली विहीर ज्यानें पाहिली असेल, त्यास या धड्याचें चित्र फळ्यावर काढून दाखवावें लागत नाहीं. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत असलेले गोलसर धोंडे, आणि तळाशीं पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. वरून पाहत गेलें तर हे चार निराळे पदार्थ वाटतात. खालून पाहत आलें म्हणजे एकाच पदार्थाच्या चार अवस्था आहेत हें कळतें. हा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं तप्त शिलारसाच्या रूपानें भूगर्भांतून वर येऊन थिजला. ऊन व थंडी यांनीं तो थोडाबहुत फुटतो, परंतु खरें काम पाण्याचें. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन किंचित् आम्ल बनतें, खडकाच्या भेगांत झिरपतें, आणि त्यांतील खनिजांचे कांहीं घटक विरघळवून नेतें. उरलेल्या द्रव्यांपासून चिकणमाती घडते. दगडफूल खडकाचा पृष्ठभाग कुरतडतें, झाडाचें मूळ भेगेंत शिरून ती रुंद करतें, आणि मग गांडुळांची पाळी येते. चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं गांडुळांवर एक ग्रंथच लिहिला. इंग्लंडांत अनेक ठिकाणीं दर एकरीं वर्षाला १० टनांहून अधिक माती त्यांच्या पोटांतून जाते, असा त्यांचा हिशेब होता. (अतोनात पावसाच्या कोंकणांत याच पाषाणांतील सिलिकाहि धुऊन जाते आणि लोहाचीं व ॲल्युमिनियमचीं संयुगें मागें राहून तांबडा जांभा होतो, पण तो निराळा विषय आहे.)

अशा रीतीनें बोटभर माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. आतां विक्रीचा हिशेब पाहा. एका एकरांतून एक फूट माती उचलली म्हणजे सुमारें ४३५ ब्रास होते. तिचा भाव ठरवितांना मजुरी, ट्रॅक्टरचें डिझेल आणि खेपांची संख्या यांचा विचार होतो. ती घडण्यास लागलेला काळ कोणी मोजीत नाहीं.

दोन वर्षें शेणखत घातलें कीं जमीन पूर्ववत् होईल, असें ठेकेदार सांगतो. शेणखत उत्तमच, पण त्यानें मुरमाची चिकणमाती होत नाहीं. आपल्याकडील कोरडवाहू रब्बी ज्वारी व हरभरा हीं पिकें पावसाळा सरल्यावर मातीनें पोटांत सांठविलेल्या ओलीवर येतात. थर जितका पातळ, तितकी ती ओल कमी. आणि ती संपते नेमकी दाणा भरण्याच्या वेळीं. तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. एका शिवारांत अशी माती आणावयाची, आणि शेजारच्या शिवारांतून खेपेच्या भावानें बाहेर घालवावयाची, ही विसंगति मला तरी उमगत नाहीं.

पालकहो, नड कोणास चुकली आहे? मुलीचें लग्न, दवाखाना, कर्जाचा हप्ता, क्वचित् शाळेची फीहि अशाच पैशांतून भागत असेल; त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, भरावाला माळावरचा मुरूम चालतो, तेथें काळी माती देऊं नये. आणि उंचवट्याचें शेत सपाट करण्यासाठीं माती काढणें अगदींच भाग पडलें, तर आधीं वरचा अर्धा-पाऊण फूट थर बांधाकडेला निराळा रचून ठेवावा, खालचें काय तें न्यावें, आणि तो थर पुनः सारखा पसरून घ्यावा. हें करारांत आधींच लिहून घेतलेलें बरें. भट्टीवाला सहसा कुरकुर करील, कारण त्यास हवी असते ती वरची, मऊ, बिनखड्यांची मातीच.