गोणीत काय होते?

दिवाळी जवळ आल्याचे मला दोन गोष्टींवरून कळते. घरात फराळाचे डबे खडखडू लागतात आणि संपादकांचे पत्र येते. यंदाच्या पत्रात त्यांनी एक ओळ जास्तीची घातली होती : ‘वर्षभर तुम्ही पीकपाणी, लग्नकार्ये आणि न येणारी एसटी यांवर लिहिलेत. दिवाळी अंकाला काहीतरी रहस्यमय असू द्या. वाचकांना ते आवडते.’

वाचकांना आवडते हे खोटे नाही. मलाही आवडते. दिवाळी अंक हाती पडला की आपण आधी वैचारिक लेख वाचतो, असे मी चारचौघांत सांगत असतो. खरे म्हणजे आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रे आणि मग कोणाचा तरी खून, असा माझा क्रम आहे. वैचारिक लेख देवदिवाळीपर्यंत पुरवून वाचतो.

लहानपणी आमच्या राणीसावरगावात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके हातोहात फिरत. गंगाखेडला बाजाराला गेलेला कोणी एक आणी, आणि मग ते झुंजार किंवा काळापहाड सबंध गावाचे होऊन जात. पाने सुटलेली, कोपरे दुमडलेले, आणि पुष्कळदा शेवटचे पान गायब! अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या असे सांगतात. त्यांतल्या निदान चाळीसेक मी शेवटच्या पानावाचून वाचल्या असतील. गंमत अशी की, ज्यांचा शेवट वाचायला मिळाला त्या मी विसरलो. ज्यांचा मिळाला नाही त्या अजून डोक्यात आहेत.

जगाचेही तसेच आहे. 1872 साली अटलांटिक महासागरात ‘मेरी सेलेस्ट’ नावाचे जहाज सापडले. शिडे होती, माल होता, खाणेपिणे होते. माणूस मात्र एक नाही. कप्तान, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसे कुठे गेली, ते आजतागायत कोणाला कळलेले नाही. 1926 साली अ‍ॅगाथा ख्रिस्ती अकरा दिवस नाहीशी झाली. ती हॉटेलात सुखरूप सापडली, पण का गेली होती ते तिने सांगितले नाही. जिने जन्मभर दुसऱ्यांची रहस्ये उकलली तिने स्वतःचे तेवढे ठेवले, म्हणून लोक शंभर वर्षे त्यावर लिहीत आहेत.

पण इतके लांब जायला नको. मराठी माणसाच्या घरात याहून मोठे रहस्य पडलेले आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते दिसेनासे झाले. पुढे एका प्रेताची ओळख पटवून त्याला अग्नीही दिला गेला. तरी पुण्याचे मन मानीना. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी कुंकू पुसले नाही. असे एका बाईने वाट पाहायचे ठरवले, आणि त्या वाटेवरून चालत कोण आला? तोतया! कनोजकडचा कोणी एक ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. लोकांनी त्याला नुसते मानले नाही, तर त्याच्यासाठी तलवारी उपसल्या. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी 1776 मध्ये तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

मला नेहमी वाटते, त्या तोतयापेक्षा त्याला मानणारे लोक जास्त विचार करण्यासारखे आहेत. ते मूर्ख नव्हते. पंधरा वर्षे एक जागा रिकामी राहिली होती आणि रिकामी जागा माणसाला बघवत नाही. खरा माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी मिळाला तो बसवला. कायद्यालाही हे माहीत असावे. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरून चालावे, ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि 2023 च्या नव्या कायद्यातही ती ठेवली आहे. कोर्टाचे काम त्यावर भागते. घरचे भागत नाही, आणि गावाचे तर मुळीच नाही.

गावाचे म्हणतो, कारण मला आता माझ्या गावाची गोष्ट सांगायची आहे. संपादकांनी मागितली ती ही नव्हे, पण माझ्यापाशी रहस्य म्हणण्यासारखे दुसरे काही नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यात मानवत आहे. हे नाव तुम्ही ऐकले असेल. 14 नोव्हेंबर 1972 पासून 4 जानेवारी 1974 पर्यंत तिथे एकामागून एक दहा खून झाले. त्यांत लहान मुली होत्या, बायका होत्या, एक वर्षाचे लेकरू होते. स्थानिक पोलिसांचे चालेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासाला पाठवण्यात आले. 1968 सालच्या रामन राघव प्रकरणाचा तपास करणारे ते हेच. गुप्तधनाच्या आणि संतानाच्या आशेने पिंपळाखालच्या मुंजाला रक्त द्यायचे, म्हणून हे बळी घेतले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. खटला परभणीच्या सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1977 मध्ये तिथला निकाल लागला. काहींना शिक्षा झाल्या. पण सूत्रधार म्हणून ज्या दोघांची नावे सर्वांच्या तोंडी होती, ती दोघे अखेर सुटली. गुन्ह्यात सामील असलेल्याच्या नुसत्या सांगण्यावर भागत नाही, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो, हा नियम कोर्टाने ध्यानात ठेवला. गावोगावच्या पारांवर मात्र आधी एक निकाल लागला होता आणि तो अजून बदललेला नाही. 1981 साली अमोल पालेकरांनी यावर ‘आक्रीत’ चित्रपट काढला. 2024 मध्ये मोबाइलवर बघायची मालिकाही आली.

मानवत आम्हाला काही लगतचे नाही. मध्ये गोदावरी आहे. पण भीतीला नदी आडवी येत नाही. 1973 साली मी बारा वर्षांचा होतो. दिवेलागणीनंतर पोरींना अंगणात जाऊ देत नसत. शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बायका चौघीचौघींनी जात. वडील शाळामास्तर, त्यामुळे वर्तमानपत्र आमच्याकडे येई, आणि मारुतीच्या पारावर ते मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले होते. एरवी ज्यांनी मला ‘चल, हो तिकडे’ म्हणून हाकलले असते ती मिशाळ माणसे माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी मध्येच थांबे. ‘बाळ, पुढं वाच की रं,’ कोणीतरी काकुळतीने म्हणे. वाचकहो, खरे सांगतो, मानवतला लेकरे मरत होती आणि मी सुखात होतो.

त्या दिवाळीच्या आधी नेहमीप्रमाणे कल्हईवाला आला. आदल्या सालच्या दुष्काळात पुष्कळांची भांडी मोडीत गेली होती. उरली ती बायांनी माळ्यावरून काढली. दर वर्षी तो देवळामागच्या लिंबाखाली भट्टी मांडी. खड्डा करायचा, कोळसे पेटवायचे, भांडे तापले की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवायचा. काळे पातेले चांदीसारखे होई. भाता ओढायला आम्हा पोरांत मारामारी चाले. त्या दिवशी तो मान मला मिळाला.

भाता ओढताना मी पाहिले की त्याच्या गोणीत कागदाच्या पुडीत काचेच्या बांगड्या होत्या. हिरव्या, अगदी लहान हाताच्या. मी विचारले, “कोणाच्या?” तो हसला. म्हणाला, “माह्या लेकीच्या. दिवाळीला नेतो.” आणि पुडी परत नीट आत ठेवली.

संध्याकाळी पारावर वर्तमानपत्रात मानवतचे काही नव्हते. ऐकणारे हिरमुसले. दोघे-तिघे उठूही लागले. तेव्हा मी म्हणालो, “कल्हईवाल्याच्या गोणीत लहान पोरीच्या बांगड्या आहेत. मी पाहिल्या.”

उठलेले परत बसले.

मी खोटे बोललो नव्हतो. निम्मे बोललो होतो. आज इतकी वर्षे रहस्यकथा वाचून मला कळते की, त्या लिहिणाऱ्याचे सगळे कसब कोणती गोष्ट सांगायची नाही यातच असते. ते मला त्या दिवशी न शिकवता आले.

पुढचे फार भराभर झाले. कंदील आले, काठ्या आल्या. गोणी उपडी केली. कोळसे, नवसागर, कथील, कापूस, शिळी भाकर. आणि शेवटी ती पुडी. बांगड्या दिसल्यावर कोणी काही विचारले नाही. तो “लेक, लेक” म्हणत होता, आणि तो शब्द तर आगीत तेल झाला. मी गर्दीच्या मागे होतो. माझ्यापाशी पाच शब्द होते, ‘त्यानं मला आधीच सांगितलं होतं’. ते बोललो असतो तर कदाचित कोणी ऐकले नसते. पण मी बोललो नाही, हे माझ्याशी आहे. पोलीस पाटील धावत आले म्हणून तो जिवंत राहिला. रात्रभर त्यांनी त्याला आपल्या ओसरीवर ठेवले आणि पहाटे गंगाखेडच्या गाडीत बसवून दिले. डोळा सुजलेला, एक हात गळ्यात बांधलेला. भाता मागेच राहिला. बांगड्या लिंबाखाली फुटून पडल्या होत्या.

पुढे मुंबईच्या पोलिसांनी मानवतचा तपास लावला. त्या कशाशीच कल्हईवाल्याचा काडीचा संबंध नव्हता. गावात कोणी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवाळीला बाया वाट बघत राहिल्या, ताक भांड्यात कळकू लागले, तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मोठा झाल्यावर मी गंगाखेड, लोहा, अहमदपूरच्या बाजारांत विचारून पाहिले. “कोणता कल्हईवाला? नाव काय?” लोक विचारत. नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते. मग स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाले सगळेच गेले. त्या सगळ्यांत तो एक गेला, असे म्हणून गाव मोकळे झाले.

हे जुन्या, अडाणी काळातले म्हणून सोडून देता आले असते तर बरे होते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठार मारली. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची माणसे. पोरे पळवणारी टोळी आली आहे, अशी हूल मोबाइलवरून फिरत होती. ती पहिल्यांदा कोणी धाडली असेल? एखाद्या दुष्टानेच धाडली असेल असे मला वाटत नाही. पारावरची माणसे उठू लागलेली ज्याला बघवली नाहीत, असा कोणी असेल.

परवा नात दिवाळीला आली. रात्री अंथरुणात ती मानवतची मालिका बघत होती. मीही चष्मा लावून शेजारी बसलो. चांगली घेतली आहे. दोन भाग झाल्यावर तिने विचारले, “आबा, तुम्ही तर तेव्हा इथेच होतात. काही पाहिले होते का?”

आजवर मी ‘लहान होतो’ म्हणत आलो. या खेपेस तिला सगळे सांगितले. वर लिहिले ते सगळे. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मग त्या मुलीला दिवाळीला बांगड्या मिळाल्या का?”

पन्नास वर्षे मी ‘तो कुठे गेला’ हाच प्रश्न धरून बसलो होतो. हा मला कधी सुचला नव्हता. ती मुलगी कुठे असेल तिथे आज साठीला टेकली असेल. बाप त्या दिवाळीला घरी पोचला की नाही, हे तिला ठाऊक असेल. मला नाही.

सकाळी नातीने मला माळ्यावर चढायला लावले आणि भाता खाली काढला. चामडे लाकडासारखे झाले आहे, वारा धरत नाही. तिने तो पुसून ओसरीवर ठेवला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय आहे म्हणून. मी सांगतो. पुरते सांगतो.