नुसतं बघायचे पाचशे?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना बाबांची गाडी खंबाटकी घाटात बंद पडली. भर दुपार, चढाचं वळण, मागच्या सीटवर आई आणि मागून येणारे ट्रक. स्टार्टर व्यवस्थित फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. बाबांनी मागे दगड लावले आणि दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. पाऊण तासानं इंजिन थंड झालं आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

गाडी २००८ सालची, पेट्रोलची. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून बाबांनी ती ठेवली होती. घाटातला प्रसंग त्यांनी फोनवर सांगितला तेव्हा मी म्हणालो, "बाबा, काळजी करू नका, मी बघतो." मी सॉफ्टवेअर इंजिनियर. ऑनलाइन सहाशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर मागवलं, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावलं आणि मोबाइलवर कोड आला : पी०३३५. तीन व्हिडिओ पाहिले. तिघांचंही म्हणणं एकच, क्रँक सेन्सर बदला. मी बदलला. गाडी पंधरा दिवस नीट चालली आणि पुन्हा बंद पडली.

मग बाबा मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथेही तोच कोड. त्यांनी 'ओरिजिनल' क्रँक सेन्सर टाकला, सोबत कॅम सेन्सर, कारण 'दोन्ही एकदम बदललेले बरे'. पुढच्या खेपेला इग्निशन कॉइल. त्यानंतर ईसीयू बदलायचं कोटेशन आलं. तो आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याला भिडत होता. बाबा म्हणाले, "जाऊ दे, भंगारात देऊ."

माझं म्हणणं साधं आहे. आपण दुरुस्ती करणं सोडून दिलंय. आपण फक्त भाग बदलतो आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतो.

पी०३३५ या कोडचं पूर्ण नाव 'क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए सर्किट' असं आहे. मी त्यातला शेवटचा शब्द वाचलाच नव्हता. कोड 'सेन्सर मेला' असं म्हणत नाही. सेन्सरकडून ईसीयूपर्यंत जो सिग्नल यायला हवा तो नीट येत नाही, एवढंच तो सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, कनेक्टर आहे, दीड-दोन मीटर वायर आहे, अर्थिंग आहे आणि टोकाला ईसीयू आहे. प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा एरर मेसेज कुठे कोसळला ते सांगतो, का कोसळला ते नाही. हे मी नव्या मुलांना ऑफिसात शिकवतो. गाडीच्या बाबतीत मात्र मीच ते विसरलो.

हा सेन्सर करतो काय? क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची कॉइल. प्रत्येक दाता समोरून गेला की कॉइलमध्ये थोडा विद्युतदाब तयार होतो. गाळलेल्या दात्यांची रिकामी जागा आली की ईसीयूला कळतं, पिस्टन नेमका कुठे आहे. त्यावरून ठिणगी कधी पाडायची ते ठरतं. हा सिग्नल आला नाही, तर बहुतेक गाड्यांत ईसीयू ठिणगीही पाडत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही.

अशा सेन्सरची तपासणी मल्टिमीटरनं होते. मल्टिमीटर शेजारच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. थंड असताना कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा, गरम झाल्यावर पुन्हा मोजायचा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तापल्यावर आकडा थोडा चढणार, ते ठीक. पण तापल्यावर सर्किटच तुटलेलं दिसलं, तर दोष सापडला. (हॉल इफेक्टवाल्या तीन वायरींच्या सेन्सरला ही ओहमची चाचणी चालत नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावे लागतात.) हे बारावीचं फिजिक्स आहे. इंजिनियरिंगची चार वर्षं काढून मी ते केलं नाही. का, तर कोड होता आणि व्हिडिओ होता.

शेवटी बाबांच्या मित्रानं एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. चाचांनी आधीची बिलं पाहिली आणि म्हणाले, "सेन्सर दोनदा बदललाय. तिसरा बसवायचा तर बसवतो, पैसे तुमचे. पण आधी वायर बघू द्या. नुसतं बघायचे पाचशे होतील." बाबा माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, माझ्याही तोंडावर आलं होतं : नुसतं बघायचे पाचशे?

त्यांनी इंजिन तापवलं, ईसीयूचा कनेक्टर काढला आणि त्या टोकाकडून मोजलं. म्हणजे सेन्सर आणि अख्खी वायर एकाच वेळी मोजली. आकडा बरोबर आला. मग हार्नेस हातानं हळूहळू हलवत पुढे गेले. एका ठिकाणी आकडा गायब झाला. वरून वायर धड दिसत होती, आतली तार तुटली होती. हार्नेस ज्या क्लिपमध्ये बसतो ती क्लिपच जागेवर नव्हती, त्यामुळे तो लोंबकळून एक्झॉस्टजवळ गरम होत होता. वर्षभरापूर्वी टायमिंग बेल्ट बदलताना कोणीतरी क्लिप काढली आणि परत लावली नाही. थंड असताना तारेची टोकं एकमेकांना टेकायची, गरम झाल्यावर सुटायची. चाचांनी नुसती टेप गुंडाळली नाही. सिग्नल बारीक असतो म्हणून सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, वायरचं शील्डिंग जोडलं आणि नवी क्लिप लावली. एकूण बिल साडेआठशे. त्याआधी आम्ही सेन्सर आणि कॉइलवर अकरा हजार घालवले होते.

यावर लोक म्हणतात, तासभर डोकं लावण्यापेक्षा सेन्सर बदलणं स्वस्त. कधी कधी हे खरं असतं. पंधरा वर्षं उष्णतेत शिजलेला सेन्सर मोजून खराब निघाला तर बदलायलाच हवा. पण मोजून. न मोजता बदललेला भाग म्हणजे जुगार, आणि तो भाग बनावट असला तर गाडीत आणखी एक दोष विकत आणलेला असतो.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. भागावर नफा आहे आणि विचारावर नाही, अशी व्यवस्था आपण बांधली आहे. जॉबकार्डवर 'सेन्सर' लिहिता येतं, 'दोन तास शोधलं' हे लिहिलं की गिऱ्हाईक भांडतं. त्यात माहितीही कोंडलेली. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणानं मिळू दिली जात नाहीत, हे त्यामागचं एक मुख्य कारण. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. चांगलंच झालं. पण वायरिंगचा नकाशा उद्या फुकट मिळाला तरी तो वाचायला बसणाऱ्या माणसाचा वेळ फुकट मागायचा, हा आपला हट्ट कुठलं पोर्टल मोडणार?

आणि हा हट्ट आपल्याच पिढीचा आहे. बाबांना दोष देऊन चालणार नाही. रात्री दोनला सर्व्हर पडला की मी रिस्टार्ट मारून झोपतो आणि सकाळी तिकिटावर 'रिझॉल्व्ड' लिहितो. आपण तासाला हजारो रुपयांचं बिल कशाचं लावतो? विचार करण्याचंच ना? मग चाचांच्या विचाराचे पाचशे आपल्याला जड का जातात? त्यांचे हात काळे आहेत म्हणून?

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी भाग बदलायला सांगितला, तर एकच विचारा : मोजलं का? आकडा काय आला? उत्तर मिळालं नाही तर भाग घेऊ नका. आणि कोणी मोजायचे पैसे मागितले, तर घासाघीस न करता द्या.

बाबांची गाडी चालू आहे. त्यानंतरचे दोन्ही मे तिनं खंबाटकी न थांबता चढला. काढलेले दोन्ही क्रँक सेन्सर माझ्या टेबलावर आहेत. परवा मल्टिमीटर लावून पाहिला. दोन्ही धडधाकट आहेत.