भाव कोणी ठरविला?

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने विम्बल्डनच्या पंधरवड्यापूर्वी पत्र लिहून विचारले, "मामा, तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, टेनिसवर पैज लावण्याची एखादी शहाणपणाची रीत सांगाल का?" ज्या देशात १९६१ सालापासून पैजेची दुकाने कायद्याच्या संमतीने राजरोस चालतात, तेथे राहणाऱ्या तरुणाला केवळ 'जुगार वाईट' एवढे सांगून वाटेला लावणे मला प्रशस्त वाटेना, त्याने हिशेब विचारला होता, तेव्हा हिशेबानेच उत्तर देणे हे माझे कर्तव्य होते.

या हिशेबाचा आरंभ खेळाडूपासून नव्हे, तर भावापासून होतो. समजा, दोन तुल्यबळ खेळाडूंचा सामना आहे आणि बुकीने दोघांनाही १.९० असा भाव दिला आहे. म्हणजे शंभर पौंड लावून जिंकल्यास मुद्दलासकट एकशे नव्वद हाती येतात. संधी निम्मीनिम्म असता न्याय्य भाव दोनचा हवा होता. राहिलेला फरक हा बुकीचा दस्तूर, आणि तो शंभरामागे सरासरी पाच या दराने, कोणताही खेळाडू जिंको, पैज लावणाऱ्यांच्या गाठीतून वसूल होत राहतो. असे चार सामने एकत्र गुंफून एकच पैज लावली, तर हा दस्तूर साडेअठरांवर जातो. हरल्यावर रक्कम दुप्पट करीत जाण्याची जी युक्ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या कानांत सांगितली जाते, तिचीही मी त्याला आकडेमोड करून दाखविली : शंभरांपासून आरंभ करून लागोपाठ चार वेळा हरलेल्या मनुष्याचे पंधराशे गेलेले असतात, आणि पाचव्या वेळी सोळाशे लावून तो या भावाने जिंकला, तरी त्याच्या पदरी चौदाशे चाळीसांचाच नफा पडतो, म्हणजे जिंकूनही साठांची तूट उरतेच.

टेनिसची स्वतःची अशी एक गणिती प्रकृती आहे, आणि ती मोठी मनोहर आहे. रॉजर फेडरर यांनी २०२४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात सांगितले, की आपण खेळलेल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के आपण जिंकलो, परंतु गुण मात्र केवळ ५४ टक्के जिंकले. गुणांतील हे अल्पसे आधिक्य गेम, सेट आणि सामना अशा पायऱ्या चढताना पुष्ट होत जाते. एखाद्याची प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर तीन सेटांच्या सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता ६४.८ टक्के होते आणि पाच सेटांच्या सामन्यात ती ६८ टक्क्यांवर जाते. म्हणून ग्रँड स्लॅममधील पुरुषांच्या लांबलचक लढती बलवानाला अधिक अनुकूल असतात. मातीच्या मैदानावरील राफाएल नदाल यांचा अंमल, पॅरिसची चौदा विजेतेपदे, हेही सर्वांस ज्ञात आहे. सर्वांस ज्ञात आहे, हीच तर अडचण! जे तुला ठाऊक ते बुकीलाही ठाऊक असते आणि ते भावात आधीच मुरलेले असते. २००९ साली रॉबिन सॉडरलिंग यांनी त्याच पॅरिसमध्ये नदाल यांना चौथ्या फेरीत हरविले, तेव्हा भाव चुकला असे म्हणता येईल. परंतु भाव कधीतरी चुकतो हे जाणणे निराळे, आणि तो आज चुकला आहे हे आधी ओळखणे निराळे.

मग भावाहून अधिक कोणाला ठाऊक असते? २००७ साली पोलंडमधील सोपोत येथे निकोलाय डेव्हिडेन्को पहिला सेट जिंकले असतानाही भाव त्यांच्या विरुद्ध, मार्टिन वासालो आर्ग्वेयो यांच्या बाजूने झुकत गेला. पुढे तिसऱ्या सेटमध्ये डेव्हिडेन्को यांनी दुखापतीमुळे सामना सोडला, आणि बेटफेअर या पैजबाजाराने त्यावरील सर्व पैजा रद्द केल्या. दीर्घ चौकशीअंती दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पण त्या दिवशी घरी बसून धावफलक वाचणाऱ्या सामान्य मनुष्याला, पुढे असलेल्याच्या विरुद्ध भाव झुकतो कसा, याचा काय उलगडा होणार होता?

माझे मन अधिक व्यथित होते ते कनिष्ठ स्पर्धांच्या विचाराने. टेनिसमधील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी अॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ साली जो अहवाल दिला, त्यात सुमारे पंधरा हजार नामधारी व्यावसायिक खेळाडूंपैकी केवळ अडीचशे ते साडेतीनशेंचाच खर्च मिळकतीतून भागतो, असे म्हटले आहे. ज्या पोराला परतीच्या तिकिटाची विवंचना, त्याच्या एकेका गुणाची वार्ता तत्क्षणी जगभरच्या पैजबाजारात विकली जावी आणि एक सेट हरण्यासाठी त्याला बक्षिसाच्या अनेक पट रक्कम देऊ करणारा दलाल त्याच्या दारी यावा, ही व्यवस्था मला क्रूर वाटते. अशा सामन्यांवर एक कवडीही लावू नकोस, असे मी भाच्याला बजाविले. त्यात तुझे नुकसान आहे म्हणून नव्हे, तर त्या पोराचे आहे म्हणून.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टात झालेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली आहे, त्यामुळे येथील वाचकांपुढे कायद्याने हा प्रश्नच उरत नाही. परंतु भाच्याला काही विधायक सांगणे भाग होते, तेव्हा मला नलराजा आठवला. पुष्कराशी खेळताना ज्याने राज्य घालविले, तो नल दुसऱ्यांदा द्यूतास बसला तो बेहड्याच्या झाडाची पाने व फळे दृष्टिक्षेपात मोजणाऱ्या ऋतुपर्णाकडून अक्षहृदय ही विद्या मिळविल्यावरच. म्हणून मी लिहिले : विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत १२८ खेळाडू, म्हणजे १२७ सामने, प्रत्येक सामन्यापूर्वी एका वहीत आधी तुझा अंदाज टक्क्यांत लिही, मग शेजारी बुकीचा भाव उतरव, आणि अंतिम सामना होईपर्यंत खिशाला हात लावू नकोस. पंधरवडा सरल्यावर वही मला पाठव. बेरीज आपण दोघे मिळून करू.